घरी रीलोडिंगचा बाक: गॅरेजमध्ये की आतल्या खोलीत?

सह्यगिरी
नमस्कार मंडळी. टेक्सासात ऑस्टिनजवळच्या घरात रीलोडिंगसाठी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळीत नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर (दारू) आणि बुलेट घालून ते परत भरण्यासाठी, कायमची जागा करायची आहे. ९ एमएम आणि .२२३ रेमिंग्टन, एवढीच दोन काडतुसं. प्रेस (हँडल ओढून पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबणारं यंत्र) सिंगल स्टेज (एका वेळी एकच डाय) घ्यायचा की टरेट (फिरणाऱ्या चकतीवर अनेक डाय), ते अजून ठरलेलं नाही. आधी बाक आणि जागा नक्की करायची आहे.

दोन पर्याय आहेत. एक, दोन गाड्यांच्या गॅरेजची मागची भिंत, साधारण ८ फूट मोकळी. दुसरा, घरातली १० बाय १० ची खोली. तिला दार आहे, एसी आहे, पण खाली कार्पेट आहे. घरात ५ वर्षांचं मूल आहे.

विचारायचंय ते असं: बाक किती मजबूत लागतो? उंची किती ठेवायची? पावडर आणि प्रायमर कुठे ठेवायचे? तयार लोखंडी बाक आणून चालेल का?

रंधा_मिशिगन
तयार बाकापासून सुरू करतो. 'हजार पौंड वजन पेलतो' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते वजन वरून खाली, सगळीकडे सारखं पसरलेलं असताना. प्रेसचा जोर तसा लागत नाही. हँडल खाली ओढताना बाक तुमच्याकडे कलंडायला बघतो. .२२३ ची पुंगळी डायमधून परत काढताना एक्सपँडर (आतून रुंद करणारा गोळा) तिच्या मानेतून ओढला जातो, तेव्हा हँडल वर ढकलताना बाकाची पुढची कड उचलली जाते. म्हणजे एकाच कडेला आलटून पालटून खाली-वर ताण. पातळ पत्र्याच्या पायांचा बाक यात डुगडुगतो, आणि बाक हलला की पावडरच्या मापातही फरक पडतो.

घरी करायचा तर ६ बाय २ फूट पुरतो. पाऊण इंची प्लायवूडची एक ४ बाय ८ ची शीट घ्या. उभी चिरली की २ बाय ८ चे दोन तुकडे मिळतात. दोन्ही ६ फुटांवर कापा आणि एकावर एक चिकटवून स्क्रू मारा. दीड इंच जाडीचा माथा तयार. उरलेले २ बाय २ चे दोन तुकडे खालच्या फळीला वापरा. पायांना ४ बाय ४ (प्रत्यक्षात साडेतीन इंच), चौकटीला २ बाय ४. जोड स्क्रूंवर सोडू नका, कॅरेज बोल्ट घाला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची पट्टी भिंतीच्या स्टडला (आतल्या उभ्या लाकडाला) बांधणं. स्टड बहुतेक घरांत १६ इंचांवर असतात, गॅरेजमध्ये कधी २४ वर. आधी पायलट भोक पाडा, मग ५/१६ इंची, ४ इंच लांबीचे लॅग स्क्रू. दीड इंचाची पट्टी आणि अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल वजा जाता दोन इंच लाकडात जातो. एवढं केलं की बाक कलंडण्याचा प्रश्न मिटला.

नेमका_नेम
रंधा यांच्या पोस्टला पुरवणी. प्रेस लाकडी स्क्रूने बसवू नका, दोन-चारशे पुंगळ्यांत भोकं सैल होतात. आरपार बोल्ट, आणि फळीखाली मोठा वॉशर किंवा त्याहून बरी म्हणजे पोलादी पट्टी.

दुसरं, चौकटीची पुढची आडवी पट्टी माथ्याच्या कडेशी अगदी सपाट लावली तर प्रेसचे बोल्ट नेमके त्या पट्टीवर येतात, आणि वापरलेले प्रायमर खाली सोडणारी नळीही अडते. पट्टी दोन-तीन इंच आत घ्या. पण मग बाहेर आलेली कड लवायला नको, म्हणून जिथे प्रेस बसणार तिथे चौकटीपासून कडेपर्यंत दोन आडवे ठोकळे घाला. भोकं पाडण्याआधी प्रेस क्लॅम्पने धरा आणि हँडल पूर्ण वर, पूर्ण खाली फिरवून बघा. शेजारची भिंत, खिडकीची चौकट, वरचं कपाट, कशाला ना कशाला ते अडतंच.

डॅलसची_दीपमाळ
उंचीबद्दल. 'इतके इंच' असं उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, कारण प्रेसागणिक हँडल वेगळं असतं. कसोटी दोन. हँडल वरच्या टोकाला असताना खांदा उचलायला लागू नये, खालच्या टोकाला असताना कमरेत वाकायला लागू नये. उभं राहून काम करणाऱ्यांना बाक साधारण ३८ ते ४२ इंच लागतो, साध्या खुर्चीवर बसणाऱ्यांना ३० ते ३४.

तिसरी कसोटी लोक विसरतात आणि खरं तर ती पहिली असायला हवी: पावडर पडल्यावर पुंगळीच्या आत डोकावता आलं पाहिजे. मान न वळवता. त्यासाठी उठावं लागत असेल तर शंभराव्या पुंगळीला कोणी उठत नाही.

रंधा_मिशिगन
@डॅलसची_दीपमाळ, हे मात्र पटलं. म्हणूनच बाक जरा बुटका करून प्रेसखाली उंचवटा देणारा पोलादी माउंट घालावा. तेच टेबल पुंगळ्या तपासायला, लेबलं लिहायला बसूनही वापरता येतं.

भीमथडी
मला माउंट पटत नाही. तरफ वाढते, म्हणजे त्याच जोराने बाक जास्त हलतो. बाकच योग्य उंचीचा करा आणि उंच स्टूल घ्या.

रंधा_मिशिगन
भिंतीला बांधलेला बाक असेल तर फरक जाणवत नाही. सुट्या बाकावर तुमचं म्हणणं बरोबर.

उदयकाळ_न्यूजर्सी
बाकाआधीचा एक मुद्दा, कारण वाचणाऱ्यांत एच-१बी वर असलेले बरेच असतील. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात (१८ यूएससी ९२२ (जी)(५)(बी)) नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि 'अॅम्युनिशन' बाळगायला मनाई आहे. आणि कलम ९२१ मधल्या व्याख्येत अॅम्युनिशन म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. पुंगळी, प्रायमर, बुलेट, पावडर, हे सगळं त्यात येतं. म्हणजे 'बंदूक नाही, फक्त सामान जमवतोय' हा बचाव चालत नाही. अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स. त्याची मुदत संपली की अपवादही संपला.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फेडरल पातळीवर ही अडचण नाही. स्वतःसाठी रीलोड करायला फेडरल लायसन्स लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर टाइप ०६ चं लायसन्स लागतं. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे, भाड्याच्या घराचा करारनामा आणखी वेगळा. व्हिसाबद्दल थोडीही शंका असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय प्रायमरचं एक पाकीटही घरात आणू नका.

सह्यगिरी
धन्यवाद. इथे घरात सगळेच नागरिक आहेत, तो प्रश्न नाही. पण हे वर आलं ते बरं झालं.

कृष्णाकाठ
कोल्हापुरातून विचारतो. इथल्या रेंजवर पोरं महागड्या गोळ्यांनी सराव करतात. भारतात असा बाक लावता येईल का?

उदयकाळ_न्यूजर्सी
नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात ते येत नाही. काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत आहे. तेव्हा सामानातून हौसेने प्रेस घेऊन जाऊ नका.

नेमका_नेम
आणि तुमच्या रेंजवरच्या पोरांना त्याचा उपयोगही नाही. १० मीटरला एअर रायफल, म्हणजे छर्रे. ५० मीटरला .२२ लाँग रायफल. पॅरिसला २०२४ मध्ये राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते त्याच काडतुसावर. ते रिमफायर आहे: प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपते. वापरलेली पुंगळी परत भरण्याजोगी राहत नाही. रीलोडिंग असतं ते मधोमध सुटा प्रायमर बसणाऱ्या सेंटरफायर पुंगळ्यांचं, आणि शॉटगनच्या शेल्सचं.

डॅलसची_दीपमाळ
भारताचा विषय निघालाच आहे म्हणून: रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. शिवणीत अडकलेलं एक काडतूस, एक रिकामी पुंगळी मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून न्यायालयं पुढे असे गुन्हे रद्द करतात, पण तोवर पासपोर्ट आणि सुट्टी दोन्ही अडकतं. रीलोडिंगच्या खोलीत प्रवासाच्या बॅगा ठेवायच्याच नाहीत, हा नियम करा.

भीमथडी
आता साठवणीकडे येऊ. ज्या घरात लहान मूल आहे तिथे बाकापेक्षा हा प्रश्न मोठा.

आगीसंबंधीच्या एनएफपीए ४९५ या संहितेतले आकडे असे: स्मोकलेस पावडर २० पौंडांपर्यंत मूळ डब्यांत घरात ठेवता येते. २० ते ५० पौंड असेल तर किमान १ इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. प्रायमर घरात १०,००० पर्यंत. तुमच्या शहराचा किंवा काउंटीचा नियम याहून कडक असू शकतो, फायर मार्शलच्या कार्यालयात विचारता येतं.

लाकडीच का? स्मोकलेस पावडर मोकळ्यावर पेटली तर भराभर जळते, स्फोट होत नाही. बंदिस्त, भक्कम पोलादी पेटीत पेटली तर वायूला वाट मिळत नाही आणि दाब चढतो. लाकूड आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लावतं आणि दाब आला तर लवकर सुटतं. म्हणून पावडर बंदुकीच्या तिजोरीत ठेवू नये. 'मुलापासून लांब हवं म्हणून तिजोरीत टाकतो' हा विचार चांगल्या हेतूने होतो, पण जागा चुकीची. त्याऐवजी लाकडी कपाट, साधं कुलूप, मुलाच्या हाताच्या वर. प्रायमर वेगळ्या कपाटात, मूळ खोक्यांतच.

वाटाड्या_ओहायो
मूळ डब्यांबद्दल ठळक सांगायला हवं, कारण आपल्या घरात रिकामी बरणी दिसली की तिच्यात काही ना काही भरलं जातं. इथे तसं चालणार नाही. प्रायमर काचेच्या बरणीत किंवा आइस्क्रीमच्या डब्यात सुटे ओतले तर एक फुटला की बाकीचे त्याच क्षणी फुटतात. कंपनीच्या खोक्यात प्रत्येक प्रायमर वेगळ्या खाचेत बसवलेला असतो तो याचसाठी. पावडरचा मूळ डबा मुद्दाम असा केलेला असतो की आत दाब आला तर शिवण सुटावी. शिवाय डबा बदलला की नाव आणि लॉट नंबर गेला. कुठली पावडर आहे हे ओळखता येत नसेल तर ती वापरायची नाही. रंग आणि दाण्यावरून पावडर ओळखता येत नाही, दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या पावडरींच्या जळण्याच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मेघदूत_७३
गॅरेजविरुद्ध माझं मत इथेच पक्कं होतं. टेक्सासमधलं गॅरेज उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं. पावडर थंड, कोरड्या जागी ठेवायची असते. सतत उष्णतेत तिच्यातलं स्टॅबिलायझर लवकर संपतं आणि ती विघटित व्हायला लागते. झाकण उघडल्यावर आंबट, आम्लासारखा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती पावडर संपली, बाजूला काढा. दुसरं म्हणजे तिथल्या अनेक घरांत गॅसचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो, म्हणजे उघडी ज्योत.

रंधा_मिशिगन
बाक गॅरेजमध्ये, साठवण घरात, असंही करता येतं. कामापुरतं न्यायचं, उरलेलं परत आणायचं.

मेघदूत_७३
करता येतं. पण त्यात रोज दोन खेपा, आणि कंटाळा आला की डबा गॅरेजमध्येच राहतो. मांडणी अशी हवी की आळशीपणा केला तरी चूक होऊ नये.

गणित_गोडी
वजनकाट्यावर कोणी बोललं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळं माप ग्रेनमध्ये. १ पौंड म्हणजे ७,००० ग्रेन, १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम. काटा ०.१ ग्रेनपर्यंत वाचणारा लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्याची सगळ्यात लहान पायरी १ ग्रॅम, म्हणजे साडेपंधरा ग्रेन. त्यावर काहीच मोजता येणार नाही.

इलेक्ट्रॉनिक काट्याला वाऱ्याची झुळूक, मोबाइल, जुन्या फ्लुरोसंट नळ्या, कोरड्या हवेतली स्थिर वीज, सगळं बाधतं. एसीचा झोत थेट बाकावर येत असेल तर त्याची झडप वळवा. काटा चालू करून कंपनीने सांगितलेला वेळ तापू द्या, मग चेक वेट (नेमकं वजन माहीत असलेलं माप) ठेवून बघा. काम संपेपर्यंत मधूनमधून शून्य आणि चेक वेट परत बघत राहा. काटा कुठलीही सूचना न देता हळूहळू सरकतो. दांडीच्या काट्याला वीज लागत नाही आणि तो असा सरकत नाही, पण धक्का लागतो. दोन्ही ठेवणं उत्तम.

काटा कुठे ठेवायचा? प्रेसच्या बाकावर नाही. बाक आणि काट्याची फळी वेगवेगळ्या स्टडवर घ्या. फळी डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे दांडीची खूण तिरकस दिसत नाही.

भीमथडी
@गणित_गोडी, वजनाचाच आणखी एक हिशेब. २३० ग्रेनच्या ५०० बुलेट म्हणजे १,१५,००० ग्रेन, साडेसोळा पौंडांच्या आसपास. १२४ ग्रेनच्या हजार म्हणजे जवळपास पावणेअठरा पौंड. हे खोके वरच्या फळीवर मांडू नका. बाकाच्या खालच्या फळीवर ठेवलं की तेच वजन बाकाला खाली धरून ठेवतं.

सह्यगिरी
खूप मिळालं. प्रकाशाचं काय? खोलीत छताला एकच दिवा आहे.

डॅलसची_दीपमाळ
छताचा दिवा तुमच्या पाठीमागून येतो आणि तुमचीच सावली प्रेसवर पडते. बाकाच्या वर, कडेपासून किंचित पुढे, लांब एलईडी पट्टी लावा. शिवाय प्रेसच्या चौकटीला चिकटणारा छोटा एलईडी, ज्याचा झोत पावडरच्या स्टेशनवरच्या पुंगळीच्या तोंडात पडेल. ९ एमएमची पुंगळी खोल आणि अरुंद, आत उजेड गेल्याशिवाय पावडरची पातळी दिसत नाही.

आणि ती दिसलीच पाहिजे. ९ एमएममध्ये अनेक पावडरींचं माप इतकं थोडं असतं की दुप्पट पडली तरी पुंगळीत मावते. दुप्पट म्हणजे बंदूक फुटण्याइतका दाब. शून्य पडली तर उलटं संकट: प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अर्ध्यात अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. म्हणून पावडर निवडतानाच अशी निवडा जी पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते, म्हणजे दुप्पट पडल्यावर उतू जाईल आणि लगेच दिसेल. माप मात्र पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच, सुरुवातीच्या खालच्या आकड्यापासून. इथे कोणी माप टाकू नये आणि कोणी मागू नये.

वाटाड्या_ओहायो
सिंगल स्टेजवर काम करताना लाकडी ठोकळा वापरा, ५० भोकांचा. पावडर घालायची बाकी असलेल्या पुंगळ्या उलट्या, तोंड खाली. पावडर घातली की सुलट. मग टॉर्च घेऊन सगळ्या ओळी एकदम बघा, एखादी पातळी वरखाली असेल तर लगेच कळते. मधेच दाराची घंटा वाजली, मूल आलं, आणि कुठवर आलो होतो ते नक्की आठवत नसेल, तर ठोकळ्यातली सगळी पावडर परत डब्यात ओता आणि पहिल्यापासून भरा.

बाकावर एका वेळी एकच पावडर. दुसरा डबा कपाटात आणि कपाट बंद. पावडर मोजून टाकणाऱ्या मापकाच्या टाकीवर नावाची चिठ्ठी. काम संपलं की टाकी रिकामी करून पावडर मूळ डब्यात. रात्रभर ठेवली तर काही पावडरी प्लास्टिकची टाकी पिवळी, खरखरीत करतात, आणि दुसऱ्या दिवशी टाकीत काय आहे याचा भरवसा राहत नाही.

तांबडी_माती
हे सगळं वाचून विचारते, प्रोग्रेसिव्ह घेतला तर यातलं बरंचसं आपोआप होत नाही का?

नेमका_नेम
वेग येतो, लक्ष मात्र जास्त लागतं. सिंगल स्टेजवर एका वेळी एकच गोष्ट घडते. प्रोग्रेसिव्हवर हँडलच्या एका फेरीत चार-पाच ठिकाणी वेगवेगळी कामं होतात आणि त्यातलं एक बिनसलं तर आवाजातून, हाताला लागणाऱ्या जोरातून ओळखावं लागतं. डिलन कंपनीच्या ५५० प्रेसला पुंगळ्यांची प्लेट हाताने फिरवायची असते, ७५० ती स्वतः फिरवते. हाताने फिरवायचं विसरून हँडल परत ओढलं तर त्याच पुंगळीत दोनदा पावडर. पाच स्टेशनच्या प्रेसवर पावडर-चेक डाय (पुंगळीतली पावडरची पातळी तपासणारी) बसवता येते, ती घ्याच.

महिन्याला दोन-तीनशे काडतुसं असतील तर टरेट पुरे. डाय बहुतेक ७/८-१४ आट्यांच्याच असतात, पुढे प्रेस बदलला तरी सहसा वाया जात नाहीत. ९ एमएमसाठी कार्बाइड साइझिंग डाय घ्या, वंगण लागत नाही. .२२३ ला मात्र वंगण लागतंच, नाहीतर पुंगळी डायमध्ये रुतते आणि ओढताना तिची कड फाटते.

सुगरण_सिअॅटल
शिशाबद्दल लिहिते, कारण घरात ५ वर्षांचं मूल आहे आणि अजून कोणी हा विषय काढला नाही.

बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट (शिशाचं संयुग) असतं. गोळी झाडल्यावर त्याची राख पुंगळीच्या आत राहते. पुंगळ्या मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुशात घालून टंबलर (पुंगळ्या घासून साफ करणारं यंत्र) फिरवला की तीच राख बारीक धूळ होऊन हवेत येते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली, आणि सुरक्षित अशी पातळी कुठलीच नाही. तेव्हा कोरडा टंबलर राहत्या घरात नको. गॅरेजमध्ये, झाकण लावून. भुसा चाळायचा तो बाहेर, मास्क लावून. भुशात ड्रायर शीटच्या (कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या) पट्ट्या टाकल्या की धूळ त्यांना चिकटते.

याहून बरी ओली पद्धत: पाणी, स्टीलच्या बारीक पिना, दोन थेंब भांड्यांचा साबण, पाव चमचा लिंबूसत्त्व. धूळ उडतच नाही. नंतर .२२३ च्या मानेत दोन पिना अडकून राहतात, त्या एकेक पुंगळी बघून काढाव्या लागतात. ते काळपट पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. पुंगळ्या वाळवायला घरचा ओव्हन नको, चाळायला घरची चाळणी नको. जे एकदा या कामाला लागलं ते परत अन्नाला लावायचं नाही.

बाकाशी चहा नाही, चिवडा नाही. काम झालं की हात साबणाने, गार पाण्याने धुवा. कपडे बदलल्याशिवाय मुलाला उचलू नका. बाक ओल्या फडक्याने पुसा.

मेघदूत_७३
पुसण्याबरोबर हेही: सांडलेली पावडर व्हॅक्यूमने ओढू नका. मोटरची ठिणगी आणि आत जमलेली पावडर, आग लागायला एवढं पुरतं. मऊ ब्रश आणि सुपली. म्हणूनच कार्पेट नको. दाणे आणि प्रायमर धाग्यांत हरवतात, शिशाची धूळ निघत नाही, वर चालताना स्थिर वीज तयार होते. कार्पेट काढून व्हिनाइलच्या फळ्या घाला.

भीमथडी
स्थिर विजेसाठी प्रेसला अर्थिंगची तार जोडावी.

गणित_गोडी
अर्थिंगने नुकसान नाही, पण त्यावर विसंबू नये. हवेत ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवली की बहुतेक त्रास जातो. फार कोरडी झाली की पावडर फनेलला चिकटते आणि माप कमी भरतं. फनेल आणि टाकी आतून ड्रायर शीटने पुसून घ्या. ओहायो, मिशिगनच्या बेसमेंटमध्ये उन्हाळ्यात उलटं, तिथे डीह्युमिडिफायर लागतो, नाहीतर डायांना गंज चढतो.

तांबडी_माती
आणि त्या खोलीत गणपतीच्या मखराचं थर्माकोल असेल तर ते आधी हलवा. स्थिर वीजही त्यालाच आणि आगही त्यालाच आधी. :)

वाटाड्या_ओहायो
बरोबर. तसंच रंग, थिनर, सफाईचं सामान, सगळं दुसरीकडे. अग्निशामक दाराजवळ लावा, बाकाजवळ नको. पावडरच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे अग्निशामकाने पेटलेली पावडर विझत नाही. तो आजूबाजूच्या लाकडा-कागदासाठी. पावडरचं कपाट पेटलं असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, ९११ ला फोन करा आणि आत काय आहे ते अग्निशमन दलाला सांगा.

प्रायमर हाताळताना चष्मा प्रत्येक वेळी. प्रायमर जोरात दाबून बसवायचा नसतो. अडला तर थांबा, खाचेत जुनं काही राहिलंय का बघा. लष्करी .२२३ च्या पुंगळ्यांमध्ये प्रायमरभोवती क्रिम्प (चेपून आत वळवलेली कड) असतो, तो रीमरने किंवा स्वेजिंगच्या अवजाराने काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट जात नाही.

सह्यगिरी
तर मग असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. आतली खोली, कार्पेट काढून. दारासमोरच्या भिंतीला ६ फुटी बाक, स्टडला बांधून, ३४ इंच, वर माउंट. पावडरचं लाकडी कपाट डाव्या भिंतीला उंचावर, प्रायमरचं उजव्या, दोन्हींना कुलूप. काट्याची फळी वेगळ्या स्टडवर. ओला टंबलर गॅरेजमध्ये. प्रेस टरेट.

रंधा_मिशिगन
बाक दारासमोर म्हणजे तुमची पाठ दाराकडे. शक्य असेल तर बाजूच्या भिंतीला घ्या, दार उघडलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल. आणि दाराला आतून कडी लावा, काम चालू असताना मूल मागे येऊन उभं राहायला नको.

भीमथडी
प्रायमरच्या कपाटावर खिडकीचं ऊन येतंय का ते एकदा दुपारी बघा.

सह्यगिरी
उजव्या भिंतीला पश्चिमेची खिडकी आहे. मग प्रायमर डावीकडे, पावडर दाराच्या भिंतीला. आणि शेवटचं एक: मी डावखुरा आहे. हँडल कुठल्या बाजूला?

नेमका_नेम
बऱ्याच सिंगल स्टेज प्रेसवर हँडल काढून डाव्या बाजूला बसवता येतं, घेण्याआधी मॅन्युअलमध्ये खात्री करा. टरेट आणि प्रोग्रेसिव्हवर बहुधा येत नाही. आणि तशी गरजही नाही: उजव्या हाताने फक्त जोर लावायचा असतो, पुंगळी बसवणं, बुलेट ठेवणं ही नाजूक कामं डाव्या हाताकडे येतात. डावखुऱ्याला ते सोयीचंच. फक्त प्रेस बाकाच्या उजव्या टोकापासून फूट-दीड फूट आत घ्या, म्हणजे हँडलला मोकळी जागा राहते आणि डाव्या हाताशी बुलेटचा ट्रे आणि ५० चा ठोकळा दोन्ही मावतात.